परसातील सफरचंद : दख्खनच्या हवेत त्यास झोप कशी द्यावी

सफरचंदाचे कलम मिळविण्यास पूर्वी हिमालयाच्या बाजूस कोणाची तरी ओळख असावी लागे. आता ती कलमे आपल्याकडील रोपवाटिकांतून सहज मिळू लागली आहेत, आणि विहिरीच्या काठी किंवा घरामागील परसात दोनचार झाडे लावून पाहण्याची हौस पुष्कळ बागायतदारांस झाली आहे. हौस स्तुत्य आहे. परंतु तीनचार वर्षांनी आमच्याकडे जी गाऱ्हाणी येतात ती बहुतेक एकाच वळणाची असतात. झाड दहा फूट उंच झाले, पण फूल दिसत नाही. फूल दिसते, पण एकदम न येता दोन महिने एकेक करून येते व फळ धरत नाही. फांदीच्या शेंड्यास पानांचा झुपका आणि खाली सारी काठी उघडी. आणि शेवटचे, चांगले वाढलेले झाड श्रावणात एकाएकी वाळले. यांपैकी शेवटच्या गाऱ्हाण्याचे कारण जमिनीत आहे. पहिल्या तिन्हींचे कारण एकच आहे; ते असे की, झाडास झोप मिळालेली नसते.

सफरचंद हे मूळचे मध्य आशियातील तिएन शान पर्वताच्या उतारांवरील झाड. तेथील हिवाळा इतका कडक की, त्या दिवसांत कोवळा फुटवा निघाला तर तो करपून जावयाचाच. म्हणून थंडीपूर्वी पाने टाकून डोळे मिटून बसावयाचे आणि पुरेशी थंडी भोगल्याशिवाय ते उघडावयाचे नाहीत, असा या झाडाचा स्वभाव बनला. ही पुरेशी थंडी किती, हे मोजण्याची रूढ रीत म्हणजे हवा ७ अंश सेल्सिअसच्या खाली राहिली असे तास मोजणे. सिमला-कुलूकडील जुन्या डेलिशस वर्गाच्या जातींस असे हजाराच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक तास लागतात. पुण्यास डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे किमान तापमान सरासरीने ११-१२ अंशांच्या आसपास असते. निफाडकडे एखाद्या रात्री पारा ५ अंशांच्याही खाली जातो. पण त्या रात्री मोजक्याच, आणि दुपारी ऊन २८-३० अंशांवर गेले म्हणजे रात्री मिळालेल्या थंडीचाही काही भाग वाया जातो. म्हणजे आपल्याकडे झाड धड झोपतही नाही व धड जागेही होत नाही. शेंड्याचे डोळे कसेबसे फुटतात, खालचे तसेच राहतात. आणि फुलोरा एकसमयावच्छेदेकरून न येता रेंगाळत येतो.

यावर पहिला उपाय जातीच्या निवडीचा. थोड्या थंडीवर भागणाऱ्या ज्या जाती आहेत त्यांत दोन विशेष प्रसिद्ध आहेत. ॲना ही इस्रायलात तयार केलेली जात असून तिला तीनशे तासांच्या आत थंडी पुरते. डॉर्सेट गोल्डन ही बहामा बेटांतील नासाऊ येथे मिळालेली. तिची गरज त्याहूनही कमी समजतात. तिसरी जात आपल्याच देशातील. हिमाचल प्रदेशाच्या बिलासपूर जिल्ह्यातील पनियाला गावचे श्री. हरिमन शर्मा यांच्या परसात, टाकून दिलेल्या बियांतून उगवलेले एक रोप १९९९ साली त्यांच्या नजरेस आले व त्यांनी ते जपले. त्याच झाडापासून एचआरएमएन-९९ ही जात निघाली. श्री. शर्मा यांस २०२५ साली पद्मश्री देण्यात आली, आणि ती योग्यच होती असे आम्हांस वाटते.

मात्र येथे एक सावधगिरीची सूचना दिली पाहिजे. पनियाला गाव समुद्रसपाटीपासून सुमारे १८०० फुटांवर आहे, म्हणजे जवळजवळ पुण्याइतक्याच उंचीवर; आणि कलमे विकणारे हेच प्रमाण पुढे करून “तेथे येते तर येथे का येणार नाही” असा सवाल करतात. परंतु ते गाव ३१ अक्षांशाच्या सुमारास आहे, पुणे साडेअठरावर. उंची सारखी म्हणून हिवाळा सारखा होत नाही. तेथे उन्हाळा कडक असला तरी पौष-माघातील थंडीही खरी असते. तेव्हा कमी थंडीची जात लावली म्हणजे काम संपले असे नसून, अर्धे काम झाले इतकेच. उरलेले अर्धे काम बागायतदाराने हाताने करावयाचे आहे.

हे हाताचे काम आपल्या लोकांस अगदीच नवे नाही. द्राक्षवेल हीसुद्धा थंड हिवाळ्यात पाने टाकून निजणारी आहे; पण नाशिक-सांगलीकडे तिला तशी थंडी कोठून मिळणार? म्हणून चैत्राच्या सुमारास खरड छाटणी व आश्विनाच्या सुमारास फळछाटणी करून बागायतदार तिच्याकडून आपल्या वेळेस काम करून घेतो. डाळिंबाला पाणी तोडून ताण देतात, पानगळ करतात आणि मग पाणी सोडून बहार धरतात. पुरंदरच्या अंजिराचे खट्टा आणि मीठा असे दोन बहार सर्वांस ठाऊक आहेत. ज्या प्रांतात बहार धरण्याची विद्या इतकी मुरलेली आहे, तेथे सफरचंद “आपोआप” फुलेल म्हणून वाट पाहत बसणे हेच आश्चर्य होय.

आणि सफरचंदास ही युक्ती लागू पडते याचे मोठे उदाहरण जावा बेटात आहे. पूर्व जावातील बाटू व मलंग या टापूत, विषुववृत्ताच्या दक्षिणेस जेमतेम ८ अंशांवर, सफरचंदाच्या बागा आहेत. उंचीमुळे हवा सुखद असते, पण हिवाळा म्हणून जो आपण म्हणतो तो तेथे नाहीच. तेथील बागवान फळे उतरल्यावर काही आठवड्यांनी झाडाची सर्व पाने हाताने काढून टाकतात, फांद्या वाकवून बांधतात, आणि वर्षातून दोन बहार घेतात. यातील मर्म असे की, पक्के जून पान आपल्या बगलेतील डोळ्यास दाबून ठेवीत असते. हा दाब लांबत गेला म्हणजे डोळा गाढ झोपेत जातो व मग त्याला थंडीशिवाय जाग येत नाही. गाढ झोप लागण्यापूर्वीच पान काढले, तर डोळा फुटतो.

आपल्या परसात हे असे करावे. पावसाळा संपल्यावर नेहमीप्रमाणे पाणी द्यावे. कार्तिक संपता संपता ते कमी करीत जाऊन तोडावे. हलक्या मुरमाड जमिनीत तीन-चार आठवड्यांत पानांची तकाकी जाते व ती पिवळट होऊ लागतात. भारी जमिनीत यास अधिक दिवस लागतात, आणि तेथे ताण पुरता बसत नाही हीही अडचण आहे. झाडाच्या कोवळ्या फांद्या सुरकुतू लागेपर्यंत ताण ओढू नये. झाड विश्रांतीस बसवावयाचे आहे, उपाशी मारावयाचे नाही. मार्गशीर्षाच्या उत्तरार्धात, म्हणजे सामान्यतः डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात, राहिलेली सर्व पाने काढावीत. ती ओरबाडून काढू नयेत. बगलेतील डोळा त्याबरोबर निघून येतो, आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप तोच नाहीसा होतो. देठ ठेवून पान कात्रीने कापावे. राहिलेला देठ आठ-दहा दिवसांत आपोआप पडतो. त्यानंतर आळे हलके चाळून कुजलेले शेणखत घालावे, पहिले पाणी बेताचे द्यावे, आणि आठवड्याने भरपूर. जातिवंत झाड असेल तर दोन ते चार आठवड्यांत डोळे फुगू लागतात. फुलोरा जानेवारी-फेब्रुवारीत येतो व फळ मे-जूनमध्ये तयार होते.

नेमका दिवस गावागावाप्रमाणे बदलणार. जुन्नरच्या घाटमाथ्याचा दिवस सोलापुरास चालणार नाही. म्हणून पाणी कधी तोडले, पाने कधी काढली, पहिले फूल कधी दिसले, या तीन तारखा दरवर्षी वहीत लिहून ठेवाव्यात. आणि पुढील वर्षी आठ-दहा दिवस पुढे किंवा मागे सरकून पाहावे. मात्र एकाच वर्षी एक झाड आज व दुसरे पंधरा दिवसांनी, असा प्रयोग करू नये. दोन्ही झाडे एकाच वेळी फुलावयास हवीत. त्याचे कारण पुढे येईल.

डोळे फोडण्यासाठी द्राक्षबागेत हायड्रोजन सायनामाइड लावतात, तेच येथे लावावे काय, असे द्राक्षबागायतदार विचारतात. उष्ण देशांतील मोठ्या सफरचंदबागांत त्याचा उपयोग होतो हे खरे. परंतु हे औषध कातडीस व डोळ्यांस भाजणारे आहे, आणि ते अंगावर किंवा श्वासात गेलेल्या माणसाने मद्य घेतल्यास जिवावर बेतू शकते. दोन झाडांसाठी, जेथे मुले खेळतात अशा परसात, त्याचे नावही काढू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. कात्री पुरेशी आहे.

याच नियमाची उलट बाजू पावसाळ्यात दिसते. सततच्या ओलीने पानांवर ठिपके पडून भाद्रपदातच झाड निष्पर्ण झाले, तर डोळ्यांवरील दाब अवेळी उठतो आणि आश्विनात फुले येतात. ही फुले पाहून मालक हर्षित होतो. पण ती पुढील बहाराचीच फुले असतात व बहुधा वाया जातात. पुढच्या वर्षाची फुलाची कळी आदल्या उन्हाळ्यापासून घडू लागते, यास्तव पावसाळाभर पान टिकविणे हे फळ टिकविण्याइतकेच महत्त्वाचे आहे. झाडाच्या पोटात हवा खेळेल अशी विरळणी करावी, गळलेली पाने गोळा करून पुरावीत, आणि पाऊस उघडताच बोर्डो मिश्रणाची हलकी फवारणी करावी.

आता छाटणीविषयी. द्राक्षाचा उत्तम जाणकार सफरचंदाच्या बाबतीत फसतो तो येथेच. वेलीस दरवर्षी नव्या फुटीवर घड येतो, म्हणून तेथे काडी आखूड केली तरी चालते. किंबहुना करावीच लागते. सफरचंदाचे फळ मुख्यतः दोन वर्षे किंवा त्याहून जुन्या लाकडावरील बोटभर, सुरकुतलेल्या, गाठाळ काड्यांवर येते. या फळकाड्या वर्षानुवर्षे फळत राहतात. दिसण्यात त्या वाळक्या खुंट्यांसारख्या असतात, आणि बाग साफ करण्याच्या उत्साहात प्रथम त्यांवरच कात्री चालते. मग झाड चिडल्यासारखे सरळ उभे वांझ फुटवे फेकते व मालक ते पुन्हा कापतो. अशा रीतीने पाच-पाच वर्षे फूल न पाहिलेली झाडे आहेत.

कापण्यापेक्षा वाकविणे बरे. कलम लावताना अडीच फुटांवर शेंडा मारावा. नंतर भोवताली चार-पाच फांद्या राखून, त्या बोटाएवढ्या जाड होताच सुतळीने किंवा दगड टांगून जवळजवळ आडव्या कराव्यात. उभ्या फांदीत जोर शेंड्याकडे धावतो. आडवीत तो वाटला जाऊन बगलेच्या डोळ्यांस मिळतो व तेथे फळकाड्या धरतात. थंडी कमी पडल्यामुळे उघड्या राहणाऱ्या काठीवरही याचा चांगला गुण येतो. एरवी वाळलेली, आत घुसणारी, एकमेकींस घासणारी फांदी काढावी, आणि कलमाच्या सांध्याखालून आलेला प्रत्येक फुटवा बोटाने मोडावा. तो खुंटाचा असतो, जातीचा नसतो.

फूल आले आणि फळ धरले नाही, याचे कारण बहुधा एकटे झाड. सफरचंदाच्या बहुतेक जातींस आपल्याच जातीचा पराग चालत नाही. ॲना एकटी थोडीबहुत फळते, पण डॉर्सेट गोल्डन जवळ असली म्हणजे फरक उघड दिसतो. एचआरएमएन-९९ एकटे फळते असे सांगतात. तरी शेजारी दुसरी जात असण्यात तोटा कोणताच नाही. जागा एकाच झाडापुरती असेल तर त्याच झाडाच्या एका फांदीवर दुसऱ्या जातीचे कलम बांधावे. ते होईपर्यंत शेजाऱ्याच्या झाडाची फुललेली डहाळी पाण्याच्या बादलीत घालून फुलोऱ्याच्या दिवसांत झाडाखाली ठेवली तरी मधमाशी आपले काम करते. मधमाशीच फिरकत नसेल तर मऊ कुंचल्याने एका जातीचा पराग दुसऱ्या जातीच्या फुलास लावावा. झुबक्यातील मधले फूल प्रथम उघडते व त्याचे फळ सर्वांत मोठे होते, म्हणून ते चुकवू नये. फुलोरा चालू असता कसलेही कीटकनाशक मारणे म्हणजे आपल्याच चाकरांस हाकलून देणे होय.

परागाचे काम कितपत झाले हे पाहण्याची एक सोपी परीक्षा आहे. गळून पडलेले लहान फळ आडवे चिरावे. आत पाच कप्पे दिसतात व प्रत्येकात सामान्यतः दोन बिया असावयाच्या. दोन-तीनच बिया भरलेल्या असतील, किंवा फळ एका अंगाने खुरटले असेल, तर पराग कमी पडला असे समजावे. बिया भरलेल्या असूनही फळ गळत असेल, तर दोष पाण्याचा किंवा उन्हाचा.

श्रावणात वाळणाऱ्या झाडाचे कारण जमिनीत आहे असे वर म्हटले. सफरचंदाच्या मुळांस तुंबलेले पाणी मुळीच सोसत नाही. काळ्या जमिनीत खड्डा खणून त्यात खत-माती भरून कलम लावले, की पावसाळ्यात तो खड्डा म्हणजे हौदच होतो. बुंध्याची साल आतून तपकिरी होऊन कुजते. झाडाची पाने अवेळी लालसर दिसू लागतात, आणि ते कळेपर्यंत सालीचे कडे पुरे झालेले असते. अशा जमिनीत खड्ड्याऐवजी दीड-दोन फूट उंचीचा, पाच-सहा फूट रुंदीचा मुरूम-मातीचा ओटा करून त्यावर लावावे. कलमाचा सांधा जमिनीपासून वीतभर वर राहिला पाहिजे. त्यावर माती किंवा आच्छादन चढू देऊ नये. साल कुजू लागलेली आढळल्यास माती दूर करून, सडका भाग चांगल्या सालीपर्यंत खरवडून, बोर्डो मलम लावावे. अर्ध्याहून अधिक घेर गेला असेल तर ते झाड काढलेले बरे.

खुंट कोणता, हा प्रश्न विकत घेतानाच विचारावा. एम. ९ या खुंटाने झाड बुटके राहते व लवकर फळते. पण त्याची मुळे उथळ असल्याने त्यास जन्मभर आधाराची काठी व नियमित पाणी लागते. एमएम १०६ बुंधा कुजण्यास बळी पडतो. एमएम १११ ताण सोसतो, लोकरी माव्यासही दाद देत नाही. आमच्या मते आपल्या जमिनींस तोच सोयीचा. जातीचे व खुंटाचे अशी दोन्ही नावे जो विक्रेता पावतीवर लिहून देत नाही, त्याचे कलम घेऊ नये. मुलांनी खाल्लेल्या फळाच्या बियांपासून रोप करणे हा करमणुकीचा विषय आहे. बीचे झाड आईसारखे निघत नाही, आणि त्याला फळ येण्यास सहा-आठ वर्षेही लागतात. पनियालाचे झाड बीपासूनच आले हे खरे, पण तसे लाखांत एखादे.

किडींचा पसारा आम्ही येथे मांडीत नाही. पहाडातील खपल्या रोगास थंड ओल लागते, आपला फुलोरा कोरड्या दिवसांत येतो, त्यामुळे त्याची भीती थोडी. उत्तरेकडून आलेल्या कलमाबरोबर लोकरी मावा येण्याचा संभव असतो. हा २००२ च्या सुमारास आपल्या उसावर आलेल्या लोकरी माव्याहून निराळा. तो सांध्यांवर कापसासारखा दिसतो व मुळांवर गाठी करतो. म्हणून लावण्यापूर्वी मुळे धुऊन पाहावीत. फांद्यांवर दिसताच साबणाच्या पाण्यात बुडविलेल्या कुंच्याने घासून काढावा. खोड पोखरणाऱ्या अळीचे भोक भुसा पडलेला पाहून शोधावे व तारेने अळी मारावी. फळमाशी, पोपट व वटवाघळे या तिघांवर मिळून एकच उपाय, आणि तो म्हणजे लिंबाएवढ्या फळास कागदी किंवा कापडी पिशवी बांधणे.

लिंबाएवढे होण्यापूर्वीच फळांची विरळणी झालेली असावी. झुबक्यात एकच फळ, आणि दोन फळांत वीतभर अंतर. हाताने फळ तोडून टाकताना जीव कासावीस होतो. पण न तोडल्यास फळ बोराएवढे राहते व पुढील वर्षी झाड रुसते, कारण वाढत्या बिया पुढील वर्षाची कळी घडू देत नाहीत. पहिल्या दोन वर्षांची फुले तर सर्वच काढावीत.

चैत्र-वैशाखाचे ऊन ही शेवटची अडचण. पश्चिमेकडील फळांस डाग पडतो, उघडे खोड भाजते. खोडास चुन्याचा हात द्यावा, बुंध्यापासून हातभर सोडून पाचटाचे आच्छादन घालावे, दुपारनंतर सावली मिळेल अशी हिरवी जाळी बांधावी. पाणी थोडे परंतु नियमाने द्यावे. कधी कोरडे, कधी तुंबलेले असे झाले की फळात चुना पोचत नाही व सालीखाली कडवट तपकिरी ठिपके पडतात. लाल रंग मात्र मागू नये. तो चढण्यास थंड रात्री लागतात, आणि मेमधील आपल्या रात्री तशा नसतात. फिकट फळ गोड असू शकते.

राहता राहिला एकरी लागवडीचा प्रश्न. काश्मीर-हिमाचलचा नवा माल बाजारात येण्यापूर्वी आपले फळ तयार होते, या एका गोष्टीवर झाडांची संख्या, झाडाचे वजन आणि बाजाराचा भाव यांचा गुणाकार करून कागदावर मोठे आकडे काढून दाखविले जातात. त्या गुणाकारात फिकट रंग धरलेला नसतो, आठ-पंधरा दिवसांत मऊ पडणारे फळ धरलेले नसते, आणि डिसेंबरात हजार झाडांची पाने कात्रीने काढणाऱ्या मजुरांची मजुरीही धरलेली नसते. चालू डाळिंब किंवा द्राक्ष काढून त्या जागी सफरचंद लावण्याचा विचार ज्यांच्या मनात असेल, त्यांनी आपल्याच शिवारात दोन जातींची चार झाडे लावून त्यांचे तीन बहार स्वतः उतरवावेत, व तीन वर्षांची वही पुढे ठेवून मग काय तो निर्णय करावा. चार झाडांचा खर्च कोणासही झेपेल. चार एकर काढून टाकलेली बाग परत उभी करणे सर्वांस झेपणार नाही.

फळ उतरविण्याची वेळ सालीच्या लालीवरून नव्हे, तिच्या खालच्या हिरव्या रंगावरून ओळखावी; तो पिवळसर झाला व कापून पाहता बी तपकिरी निघाली म्हणजे फळ तयार झाले. ते ओढू नये. तळव्यात धरून वर उचलून किंचित पिळावे, म्हणजे देठासकट सुटते. ओढल्यास त्याबरोबर फळकाडी मोडून येते, आणि पुढील वर्षाचे फूल तिच्यावरच यावयाचे असते. सर्व फळे उतरल्यावर एकदा शेणखत व पाणी द्यावे, फांद्यांच्या सुतळ्या सैल करून पाहाव्यात, आणि मृग लागण्यापूर्वी बुंध्याभोवतीचा ओटा दबला असेल तर कडेने माती घालून, सांधा मोकळा ठेवून, पुन्हा उंच करून घ्यावा.